मदत हवी आहे : कोंबूचं पाणी कडू आणि बुळबुळीत का होतंय?

मंडळी, मिसो सूप (कोंबू या समुद्रशेवाळाच्या पाण्यात मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची खारट पेस्ट, कालवून केलेलं जपानी सूप) घरी करायचं खूळ डोक्यात शिरलंय. दोनदा केलं, दोन्हीदा फसलं.

आधी खरेदीची गंमत. जपानी-कोरियन किराणा मिळतो त्या दुकानात मिसोच्या फळीसमोर पंधरा मिनिटं नुसती उभी होते. पांढरट, पिवळा, लाल, काळपट, आणि वाचता येईल असं एक अक्षर नाही. आयात करणाऱ्याने इंग्रजी स्टिकर चिकटवलाय, तोही नेमका कृतीच्या चित्रांवर. नखाने खरवडला तर खालची चित्रंही सोलून आली. शेवटी रंग आवडला म्हणून लाल उचलला. सोबत टोफू आणि कोंबू, म्हणजे वाळवलेल्या समुद्रशेवाळाच्या पट्ट्या. घरात मी सोडून सगळे शाकाहारी, म्हणून बोनिटो माशाचा कीस घेतला नाही.

कोंबूची पट्टी चामड्यासारखी जाड आणि वर पांढरी पूड. मला वाटलं बुरशी आलीय. नळाखाली घासून घासून धुतली, काळीभोर झाली तेव्हा कुठे समाधान झालं. मग पंजाएवढे दोन तुकडे लिटरभर पाण्यात अर्धा तास खळखळ उकळले. पाणी हिरवट झालं, भेंडी चिरल्यासारखी तार सुटली, आणि वास ओहोटीच्या किनाऱ्याचा. त्यातच मिसो घालून आणखी दहा मिनिटं उकळी. घरचे ‘वेगळं आहे’ म्हणाले आणि चमचे खाली ठेवले. दुसऱ्यांदा कोंबू निम्मी घेतली, कडवटपणा तेवढा कमी झाला.

ती बुरशीच होती का? माशाशिवाय या सूपला चव येते का? आणि उरलेल्या डबाभर मिसोचं काय करू?

प्रतिसाद १
अहो, बुरशी कसली! ती पांढरी पूड म्हणजे कोंबूतलं मॅनिटॉल, साखरेसारखा एक नैसर्गिक पदार्थ. धुवायचं नाही, फार तर कोरड्या फडक्याने धूळ टिपायची. १९०८ मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी ग्लुटामेट, म्हणजे सूपला भरीव चव देणारा घटक, वेगळं काढलं ते याच शेवाळातून, आणि त्या चवीला उमामी हे नावही त्यांनीच दिलं. लिटरला १० ग्रॅम पुरते, वजन करून बघा. गार पाण्यात अर्धा तास भिजवा, मंद आचेवर ठेवा, आणि भांड्याच्या तळाशी बारीक बुडबुडे दिसले की उकळी फुटण्याआधी बाहेर काढा. उकळलं की कडू आणि चिकट होणारच. मिसो अगदी शेवटी, गॅस बंद करून. थेट ओतू नका. पळीत थोडं गरम पाणी घेऊन त्यात कालवा आणि मग सोडा. उकळला की त्याचा वासच उडून जातो.

प्रतिसाद २
शाकाहारी घर असेल तर वाळवलेले शिताके मशरूम आणा. चार-पाच मशरूम रात्रभर फ्रिजमध्ये गार पाण्यात ठेवा आणि ते पाणी कोंबूच्या पाण्यात मिसळा. माशाची आठवण येणार नाही (मला तरी येत नाही). पण डब्यावरची घटकांची यादी जरूर वाचा. काही मिसोंत दाशी (सूपचा तयार अर्क) आधीच घातलेली असते, तीत बहुधा बोनिटो असतो. लाल मिसो खारट, त्यामुळे आधी कमीच घाला. पहिल्यांदा करणाऱ्याने पांढरा घ्यावा, तो गोडसर असतो. उरलेला डबा फ्रीजरमध्ये टाका, दगड होत नाही, चमच्याने निघतो. काढलेली कोंबूही फेकू नका. बारीक चिरून सोया सॉस आणि साखरेत आटवा, भाताबरोबर मस्त लागते.

धागाकर्ती
डब्यावर बोनिटो निघाला! म्हणजे दोन वेळा सगळ्यांना मासा पाजला. घरी अजून सांगितलेलं नाही.

आज नवा पांढरा डबा आणून केलं. पाणी फिकट सोनेरी, तार अजिबात नाही, मिसो वाटीत ढगासारखा वर-खाली होत होता. दोघांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. फक्त शिताके चिवट लागले.

प्रतिसाद २
देठ काढले नसतील. ते भिजूनही मऊ होत नाहीत.