मदत हवी आहे: नेसबीच्या तोफखान्याचे पहारेकरी चुकले, आता सोळा बाहुल्या सुधारू कशा?

मंडळी, इथे मिनिएचर रंगवणारं कुणी आहे का?

नेसबीच्या लढाईचा (इंग्लंडमधलं राजा विरुद्ध पार्लमेंट यादवी युद्ध, १४ जून १६४५) छोटा देखावा करतोय, २८ मिमी बाहुल्यांचा. घोडदळ आणि भालाईत झाले, पण सामानाच्या गाड्यांवरच्या पहाऱ्यापाशी घोडं अडलं. पार्लमेंटच्या न्यू मॉडेल आर्मीत तोफखान्याच्या राखणीला फायरलॉकवाल्यांच्या (गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या बंदुका वापरणाऱ्यांच्या) दोन कंपन्या होत्या. त्यांच्यासाठी मी नेहमीच्याच मस्केटवाल्यांच्या सोळा बाहुल्या घेतल्या, सरसकट लाल डगले चढवले आणि मुठीत जळते तोडे (बंदूक पेटवायच्या वाती) रंगवले. टोकाला नारिंगी ठिपकासुद्धा! स्वतःवरच खूश होतो.

मग ट्यूब पेटली. या लोकांना तिथे ठेवलंच होतं तोडा नको म्हणून! बंदुकीच्या दारूच्या पिंपांपाशी जळती वात घेऊन कोण उभं राहील? याच युद्धातल्या लॅन्सडाउनच्या लढाईनंतर दुसऱ्याच दिवशी, जुलै १६४३ मध्ये, दारूची गाडी उडाली आणि राजाचा सेनापती हॉप्टन इतका भाजला की काही काळ त्याला दिसेनासं झालं. म्हणून गाड्यांपाशी चकमकीची बंदूक, चाप ओढला की ठिणगी.

रंगाचीही बोंब. मे १६४५ च्या एका बातमीपत्रानुसार बाकी पायदळ लाल डगल्यात, फायरलॉकवाल्यांपैकी काही मात्र पिंगट डगल्यात.

देखाव्यातला प्रसंग असा: राजाचा पुतण्या... चुकलो, भाचा, प्रिन्स रूपर्ट, घोडदळ घेऊन थेट या गाड्यांपाशी पोचतो. डोक्यावर लाल टोपी, तशीच पार्लमेंटच्या सेनापतीची, फेअरफॅक्सची, त्यामुळे पहारेकऱ्यांना आधी तो आपलाच सेनापती वाटतो. तो विचारतो, शरण येता का? उत्तरादाखल गोळ्या. म्हणून हे सोळा जण नीट दिसायला हवेत.

तर विचारायचं ते:

तोडा कोरून काढताना बोटं तुटतात, दोन बाहुल्या अशाच गेल्या. ब्लेड की बारीक कानस?

लाल रंगावर पिंगट थेट चढेल का, की आधी करड्या प्राइमरचा हात द्यावा? सोळाच्या सोळा नाही, निम्मेच पिंगट करणार आहे.

आणि खालच्या पट्टीवर "चकमकीचे बंदूकधारी" लिहू की सरळ "फायरलॉकवाले"? बायको म्हणते पहिलं वाचून लोकांना चकमक म्हणजे मारामारीच वाटेल.