मदत हवी आहे: बिनदारूचं कडसर इटालियन पेय

शनिवारी आठ-दहा जण जेवायला येणार आहेत. जेवणाआधी इटलीत क्रोदिनो पितात, तसं कडसर, बिनदारूचं पेय घरीच करायचंय. संत्र्याच्या सालीचा (पांढरा भाग अजिबात नको!) पाक दालचिनी-लवंग घालून छान होतो. वास सुरेख येतो, पण कडवटपणाशिवाय सोड्यात ते नुसतं सरबतच लागतं. तिकडच्या कडू पेयांत बऱ्याचदा जेन्शियनचं मूळ असतं, ते इथे मिळालं नाही. आपलं काडेचिराईत त्याच कुळातलं, म्हणून ते वापरावं म्हणते. एक मैत्रीण गरोदर आहे, तिच्यासाठी चिराईत न घालता वेगळं करेन. वाटीभर पाकाला किती काड्या पुरतील? गरम पाकातच टाकू, की गार पाण्यात भिजवून ते पाणी थेंबाथेंबानं घालू? कुणी केलं असेल तर प्लीज प्रमाण सांगा.