शब्दचर्चा : पोपच्या शब्दातला मृत्युदंड – निषिद्ध, अमान्य, अग्राह्य की आणखी काही?

निर्मळचं तळं

चर्चमधल्या दृढीकरणाच्या (कन्फर्मेशनच्या) वर्गातल्या मुलांसाठी मराठीत दोन पानी टिपण करायचं आहे. विषय मृत्युदंड. पोप फ्रान्सिस यांनी कॅटेकिझमच्या, म्हणजे कॅथलिक शिकवणीच्या अधिकृत ग्रंथाच्या, २२६७ व्या परिच्छेदात केलेला बदल २ ऑगस्ट २०१८ ला जाहीर झाला. इंग्रजीत तिथे मृत्युदंडासाठी शब्द आहे ‘इनअ‍ॅडमिसिबल’. आमच्याकडे तिघांनी तीन मसुदे दिले. एकात ‘चर्चने मृत्युदंड निषिद्ध ठरवला आहे’, दुसऱ्यात ‘मृत्युदंड अमान्य आहे’, आणि तिसऱ्यात एकदम ‘मृत्युदंडाची शिक्षा देणे हे पाप आहे’.

तिन्हींचं वजन वेगळं आहे एवढं कळतं. पोपना जेवढं म्हणायचं होतं तेवढंच म्हणणारा, कमी नाही आणि पदरचंही काही घालणार नाही, असा शब्द कोणता? वर्गात एक मुलगा हमखास विचारणार, ‘मग आधीचे पोप चुकले होते का?’ त्याला सामोरं जाता येईल असा शब्द हवाय.

कोर्टाची पायरी

ताई, ‘इनअ‍ॅडमिसिबल’ म्हटलं की आम्हा कोर्टातल्या लोकांच्या तोंडी पहिला शब्द ‘अग्राह्य’. पण तो इथे घेऊ नका. पुरावा अग्राह्य ठरतो तो बरेचदा खोटा असतो म्हणून नव्हे, मिळवण्याची किंवा दाखल करण्याची रीत चुकली म्हणून. धडधडीत खरा पुरावाही अग्राह्य ठरतो. मृत्युदंड अग्राह्य म्हटलं तर वाचणाऱ्याला वाटेल काहीतरी प्रक्रियेचा घोळ झालाय, अर्ज नीट भरून आणला की घेतील.

सरकारी मराठीत आणखी एक आहे, ‘अनुज्ञेय’. शासन निर्णयात ‘घरभाडे भत्ता अनुज्ञेय राहणार नाही’ असतं ना, तो. अर्थ अगदी जुळतो. पण ‘मृत्युदंड अनुज्ञेय नाही’ वाचलं की वित्त विभागाने बिल परत पाठवल्यासारखं वाटतं.

माझं मत ‘अमान्य’ला.

लॅटिन-मोडी

अधिकृत लॅटिन मजकूर उघडून बघा, त्यात हे विशेषणच नाही. तिथे आहे ‘पेनाम कापितालेम नोन पोस्से आद्मित्ती’. शब्दशः, देहदंड ‘स्वीकारता येत नाही’. इटालियनमध्ये मात्र ‘इनाम्मिस्सीबिले’ हे विशेषण आहे आणि इंग्रजी त्याच्या वळणावर गेलं.

फरक बारीक आहे, पण तुमच्या तीन मसुद्यांचं भांडण त्यातच आहे. विशेषण वस्तूला चिकटतं. ‘मृत्युदंड अमुक आहे’ म्हटलं की तो कायमच तसा होता असं कानाला वाटतं. ‘स्वीकारता येत नाही’ म्हटलं की स्वीकारणारा डोळ्यापुढे येतो: चर्च, सरकार, आपण. दंडाच्या स्वभावाइतकंच आपल्या भूमिकेबद्दलही ते वाक्य बोलतं.

आता ‘पाप’. हा मसुदा ज्यांनी दिला त्यांचा हेतू चांगला असेल, पण ते पोपच्या पुढे दोन पावलं गेलेत. कॅथलिक नीतिशास्त्रात ‘मुळातच वाईट’ अशी एक ठरलेली संज्ञा आहे. म्हणजे हेतू काहीही असो, परिस्थिती कशीही असो, कृती वाईटच. दुसरे जॉन पॉल यांनी १९९३ च्या ‘वेरितातिस स्प्लेन्दोर’ या परिपत्रकात (पोपचं शिकवणीचं पत्र) ती सविस्तर मांडली आहे. २०१८ चा मजकूर लिहिणाऱ्यांना ही संज्ञा ठाऊक नव्हती असं थोडंच आहे? ती हाताशी असूनही २२६७ मध्ये आलेली नाही. न वापरलेला शब्दसुद्धा वाचावा लागतो.

‘निषिद्ध’ दुसऱ्या बाजूने चुकतो. निषेध म्हणजे कुणीतरी घातलेली बंदी. उपासाच्या दिवशी मांस निषिद्ध, दुसऱ्या दिवशी चालतं. परिच्छेदात कारण दिलंय ते माणसाच्या प्रतिष्ठेचं. ती काही चर्चच्या हुकमाने येत-जात नाही.

अधलंमधलं

मी ख्रिस्ती नाही, म्हणून भाबडा प्रश्न. पोप बोलले की ते अचूक, असंच ना तुमच्यात? मग एवढा कीस कशाला?

लॅटिन-मोडी

नाही हो. हा समज कॅथलिकांतही भरपूर आहे. अचूकतेचा सिद्धांत पहिल्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या बिशपांची सभा) १८ जुलै १८७० ला मांडला आणि तो फार अरुंद आहे. पोपनी सर्वोच्च गुरू या नात्याने, श्रद्धा किंवा नीतीबद्दल, अखिल चर्चला बांधणारी व्याख्या केली तरच. त्यानंतर असा निःसंशय प्रसंग आला तो १ नोव्हेंबर १९५० ला, मरियेच्या स्वर्गउन्नयनाचा, म्हणजे तिला सदेह स्वर्गात नेल्याच्या श्रद्धेचा. कॅटेकिझममधला बदल त्या रांगेत नाही.

मग तो सोडून द्यायचा का? तसंही नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६४ च्या ‘लुमेन जेन्सियुम’ या दस्तऐवजामध्ये, २५ व्या परिच्छेदात, अशा शिकवणीला मन आणि बुद्धी यांचं ‘ओब्सेक्वियुम’ द्यावं असं म्हटलंय. ह्या शब्दावर धर्मपंडित साठ वर्षं वाद घालताहेत. कुणी ‘अधीनता’ म्हणतं, कुणी ‘आदर’. मला आपलं ‘शिरोधार्य मानणं’ जवळचं वाटतं. त्यात डोकं शाबूत राहतं आणि त्यावर घेतलेलं ओझंही खरं असतं.

त्याच परिच्छेदात पोपचं मन ओळखायच्या तीन खुणा दिल्यात. दस्तऐवज कोणत्या जातीचा आहे, तीच गोष्ट किती वेळा सांगितली आहे, आणि बोलण्याची धाटणी कशी आहे. विमानात पत्रकारांना दिलेलं उत्तर आणि कॅटेकिझमचा परिच्छेद एका तागडीत घालता येत नाहीत. ‘मी कोण न्याय करणारा?’ हे फ्रान्सिस यांचं समलिंगी व्यक्तीबद्दलचं, २०१३ मधलं विमानातलं वाक्य घ्या. त्याच्या आधी ‘जो देवाला शोधतो आणि ज्याची इच्छा चांगली आहे’ अशी अट होती. मथळ्यांमध्ये ती गळाली आणि उरलेलं अर्धं वाक्य जगभर फिरलं.

सेंट लुईसहून

आमच्या गावाचा एक दाखला देतो. जानेवारी १९९९ मध्ये दुसरे जॉन पॉल इथे आले होते. मिझुरी राज्यात एका कैद्याला मृत्युदंड द्यायची तारीख नेमकी भेटीच्या दिवशी आली होती, ती पुढे ढकलली. पोप आपल्या प्रवचनात मृत्युदंडाला ‘क्रूर आणि अनावश्यक’ म्हणाले आणि गव्हर्नर मेल कार्नाहन यांना समोरासमोर त्या कैद्यासाठी दयेची विनंती केली. कार्नाहन बाप्टिस्ट, त्यात मृत्युदंडाच्या बाजूचे. तरी त्यांनी दुसऱ्याच दिवशी शिक्षा जन्मठेपेवर आणली.

‘अनावश्यक’ हा शब्द बघा. तो परिस्थिती पाहून बोलतो. तुरुंग भक्कम आहेत, मारायची गरज काय, असा त्याचा सूर. ‘स्वीकारता येत नाही’मध्ये गरजेचा हिशेब कुठे दिसतो?

जुनं वळण

मी कॅथलिक आहे, रोज मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) जाणारा, आणि मला हा बदल पचायला जड गेला. एका माळेत ओवून मोकळे होऊ नका, म्हणून लिहितो.

तेराव्या शतकाच्या सुरुवातीला तिसरे इनोसंट यांनी चर्चमध्ये परतणाऱ्या वाल्डेन्सियन या फुटीर पंथाच्या लोकांकडून जी श्रद्धाघोषणा मागितली, तीत एक कलम होतं: द्वेषापोटी नव्हे तर न्यायाने, विचारपूर्वक राज्याने देहदंड दिला तर ते प्राणघातक पाप नाही. खुद्द पोपच्या राज्यात ‘मास्त्रो तित्ता’ नावाने ओळखला जाणारा जल्लाद १७९६ ते १८६४ या काळात ५१६ जणांना मारून निवृत्त झाला. व्हॅटिकन नगरराज्याच्या कायद्यातही पोपवरच्या हल्ल्यासाठी मृत्युदंड होता, सहावे पॉल यांनी तो १९६९ मध्ये काढला. आणि फार मागे कशाला, २००४ मध्ये कार्डिनल रात्झिंगर यांनी अमेरिकी बिशपांसाठी लिहून दिलं होतं की मृत्युदंड लागू करण्याबाबत कॅथलिकांमध्ये रास्त मतभेद असू शकतात, गर्भपाताबाबत नाही. लिहिणारे तेव्हा व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांत विभागाचे, म्हणजे शिकवणीवर लक्ष ठेवणाऱ्या खात्याचे, प्रमुख होते, वर्षभरात पोप (सोळावे बेनेडिक्ट) झाले.

म्हणून मी २२६७ ‘आज’ या शब्दासकट वाचतो. दुसरा भाग सुरूच होतो ‘आज मात्र’ म्हणून. पुढची तीन कारणं बघा. गंभीर गुन्ह्यानंतरही प्रतिष्ठा जात नाही ही वाढती जाण, शिक्षेच्या अर्थाची नवी समज, आणि कैदेत ठेवायच्या अधिक परिणामकारक व्यवस्था. तिसरं कारण तर शुद्ध परिस्थितीचं आहे. ज्या देशात तुरुंग फुटतात तिथे काय? माझ्या मते नेमका अनुवाद ‘आजच्या घडीला स्वीकारता येत नाही’.

लॅटिन-मोडी

दादा, तुमचे दाखले खरे आहेत, एकही नाकारत नाही. पण ‘आजच्या घडीला’ मुख्य वाक्यात घालू नका, कारण तो प्रवास पोपनी स्वतः करून दाखवलाय.

१९९५ च्या परिपत्रकात जॉन पॉल म्हणतात, असे प्रसंग ‘अगदी विरळ, जवळजवळ नसल्यासारखेच’. १९९७ मध्ये कॅटेकिझम त्यानुसार बदलला. (आपल्या सर्वोच्च न्यायालयाचं १९८० चं ‘दुर्मिळातील दुर्मीळ’ आठवतं, पण तिथे दार किलकिलं ठेवण्याचा उद्देश होता, इथे लोटून घेण्याचा.) मार्च २०१५ मध्ये फ्रान्सिस एका पत्रात लिहितात, मृत्युदंड ‘आज’ स्वीकारता येत नाही, गुन्हा कितीही गंभीर असो. म्हणजे तुमचा ‘आज’ तेव्हा मुख्य वाक्यात होता. ११ ऑक्टोबर २०१७ च्या भाषणात ते म्हणतात, मृत्युदंड ‘स्वतःच’ शुभवर्तमानाच्या विरुद्ध आहे. २०१८ मध्ये दोन्ही टोकं मुख्य वाक्यातून गायब. ‘आज’ कारणांकडे सरकला, आणि ‘स्वतःच’ आलाच नाही.

मला हे मुद्दाम केलेलं दिसतं. भाषणात पोप एवढं पुढे गेले होते, ते शब्द तयार होते, तरी ग्रंथात घालताना मागे ठेवले. श्रद्धासिद्धांत विभागाचे तेव्हाचे प्रमुख कार्डिनल लादारिया यांनी बिशपांना पाठवलेल्या पत्रात म्हटलं की हा शिकवणीचा विकास आहे, आधीच्या शिकवणीशी विरोध नाही. ते म्हणणं टिकायला मुख्य वाक्य असंच ठेवणं भाग होतं.

तरी तुमच्या ‘फुटक्या तुरुंगां’ची वाट पुढे अरुंद होत गेली. २०२० च्या परिपत्रकात फ्रान्सिस म्हणाले, या भूमिकेवरून मागे फिरणं नाही. एप्रिल २०२४ मध्ये श्रद्धासिद्धांत विभागाने, पोपच्या मान्यतेने, काढलेल्या ‘दिग्नितास इन्फिनिता’ या दस्तऐवजामध्ये तर मृत्युदंड माणसाच्या प्रतिष्ठेचा भंग करतो, ‘परिस्थिती कोणतीही असो’, असं आलं. वारंवार सांगणं ही दुसरी खूण, ती इथे ठळक आहे. तुमचं वाचन २०१८ मध्ये बसत होतं, २०२४ नंतर त्याला बरीच कसरत करावी लागते.

जुनं वळण

कसरत करीन. पण ‘पाप’ खोडलंत एवढ्याबद्दल आभार.

अधलंमधलं

आणि आत्ताचे पोप?

लॅटिन-मोडी

चौदावे लिओ ३० सप्टेंबर २०२५ ला पत्रकारांशी बोलताना म्हणाले, गर्भपाताला विरोध आणि मृत्युदंडाला पाठिंबा असं म्हणणारा माणूस खऱ्या अर्थाने जीवनवादी (‘प्रो-लाइफ’) नाही. त्याच बोलण्यात असंही म्हणाले की हे प्रश्न गुंतागुंतीचे आहेत, सगळं सत्य कुणापाशी आहे की नाही ठाऊक नाही. जाता जाता दिलेलं उत्तर होतं, तेवढंच धरावं. दिशा कळते, व्याख्या मिळत नाही.

निर्मळचं तळं

सगळ्यांचं वाचलं. आमचं वाक्य असं करते:

‘म्हणून शुभवर्तमानाच्या प्रकाशात चर्च शिकवते, की मृत्युदंड मान्य करता येत नाही, कारण तो माणसाच्या अभंग प्रतिष्ठेवर घाला घालतो.’

मुलाच्या प्रश्नाला उत्तर म्हणून परिच्छेदाचं पहिलंच वाक्य वाचून दाखवीन. न्याय्य खटल्यानंतर दिलेला मृत्युदंड दीर्घकाळ योग्य मानला जात होता, असं तिथे लिहिलंय. ‘चुकून मानला जात होता’ असं नाही. पुढचं त्याने स्वतः विचारावं.

कोर्टाची पायरी

‘मान्य करता येत नाही’ झकास. ‘येणार नाही’ केलं नाहीत हे बरं, ते नोटिशीसारखं वाटलं असतं.

लॅटिन-मोडी

‘घाला’ इटालियन आणि इंग्रजीला धरून आहे. लॅटिनमध्ये तिथे ‘रेपुन्येत’ आहे, म्हणजे ‘विरोधात जातो, मेळ खात नाही’. घाला घालणारा आक्रमक असतो, मेळ न खाणं शांत असतं. शिवाय इटालियनमध्ये अभंगता आणि प्रतिष्ठा ही दोन वेगळी नामं आहेत, लॅटिनमध्ये ‘अभंग प्रतिष्ठा’ असं एकच. तुम्ही क्रियापद इटालियनचं आणि नाम लॅटिनचं घेतलंय.

निर्मळचं तळं

मुलांना ‘घाला’ लगेच कळतो. ‘मेळ खात नाही’ म्हटलं तर पेटीचा सूर जमत नाही असं समजतील. क्रियापद राहू दे.

लॅटिन-मोडी

राहू दे. शिकवायचं तुम्हाला आहे.

कोर्टाची पायरी

शेवटची कटकट. टिपणात आणखी कुठे ‘मृत्युदंडाची शिक्षा’ असेल तर ‘शिक्षा’ काढा. दंड म्हणजे शिक्षाच. आणि ‘फाशी’ फक्त आपल्याकडच्या उदाहरणांना ठेवा, अमेरिकेत बहुतेक वेळा इंजेक्शन देतात.