सेस्नाचा सराव आरव्हीला पुरत नाही

सेस्ना १७२ या छोट्या विमानावर हात बसला असेल तर जुनी आरव्ही-६ (किटमधून घरी बांधलेलं छोटं विमान) विकत घेऊन थेट उडवायला हरकत नाही, हे तुमचं म्हणणं मला अजिबात पटत नाही. अमेरिकेच्या एनटीएसबी या अपघात तपासणाऱ्या संस्थेने घरी बांधलेल्या विमानांचे २०११ सालचे २२४ अपघात तपासले. त्यातले १४ नव्या मालकाच्या पहिल्याच उड्डाणात झाले होते!

आरव्हीची स्टिक, म्हणजे विमान वळवायचा दांडा, फार हलकी. सेस्नाच्या सवयीने ओढलीत तर नाक भसकन वर जातं. पंख आखूड, त्यामुळे उतरताना पॉवर पूर्ण काढली की विमान झपाट्याने खाली येतं. त्यात टेलव्हील, म्हणजे तिसरं चाक शेपटीखाली, असेल तर गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. धावपट्टीवर जरा वाकडं झालं की शेपूट पुढे यायला बघते. रडरवर, म्हणजे शेपटीच्या सुकाणूच्या पेडलवर, पाय सतत चालते हवेत. हे नुसतं वाचून येत नाही, शेजारी आरव्ही जाणणारा इन्स्ट्रक्टरच बसायला हवा.

अमेरिकेच्या विमान नियामक एफएएचं ९०-१०९ए हे परिपत्रक जरूर वाचा, त्यात विमानांचे गट स्वभावानुसार पाडलेत. आणि विमान ताब्यात घेताना इंधनाचा व्हॉल्व्ह कसा फिरतो, स्टॉलआधी (पंखांची उचल तुटण्याआधी) इशारा मिळतो का, हे आधीच्या मालकाला विचाराच. घरी बांधलेली दोन विमानं आतून सारखी नसतात.