मदत हवी आहे: थंडीत टायरची हवा कधी आणि किती?

नमस्कार मंडळी. राहायला कासारवडवली, ऑफिस ऐरोलीला. गाडी हॅचबॅक, ड्रायव्हरच्या दारापाशी स्टिकरवर 33 पीएसआय लिहिलंय. तापमान 5-6 अंशांनी उतरलं की साधारण 1 पीएसआय कमी होतो आणि हवा बघायची ती टायर थंड असताना, एवढं माहीत आहे. पण घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून पंप गाठेपर्यंत टायर तापतातच. तिथे 35 दिसलं की हवावाला लगेच दोन पॉइंट काढायला बसतो! गरम टायरची हवा काढू नये ना?

म्हणून घरीच मोजायचा विचार आहे. साधा गेज पुरेल की 12 व्होल्टचा इन्फ्लेटर घ्यावा? वापरणाऱ्यांनीच सांगा, बऱ्याच जणांच्या डिकीत तो नुसता पडून असतो.

शिवाय पुढच्या आठवड्यात महाबळेश्वर, पाच माणसं आणि सामान. वर पहाटे चांगलाच गारठा, त्यात उंचीमुळे गेज थोडा जास्त दाखवणार. इथूनच स्टिकरवरच्या फुल लोडच्या आकड्याएवढी हवा भरून निघू की वर सकाळी पुन्हा बघू?

नायट्रोजन कृपया सुचवू नका, थंडीत तोही तेवढाच उतरतो. स्टेपनीत किती ठेवता, तेही सांगा.