विषय: कुणकेश्वर, ओहोटीची वेळ चुकली (उद्या परत जायचंय, आजच सांगा)

नीलिमा:
काल पौर्णिमेला मीनलताईंच्या वेबअ‍ॅपवर ओहोटी दुपारी बाराची दिसत होती, आलेख अगदी तळाला. सहलीतली नऊही मुलं घेऊन पोचले तर खडपं (किनाऱ्यावरचे खडक) पाण्याखाली! धाकटी दोघं रडकुंडीला आली. उद्या कधी निघू?

मीनल:
अ‍ॅप चुकत नाही, मी तीन महिने रोज ताडून बघितलंय. तुझ्या लॅपटॉपवर अजून लंडनची वेळ आहे ना? ते पान त्याच घड्याळावर चालतं. हिवाळ्यात फरक साडेपाच तासांचा, म्हणजे ओहोटी संध्याकाळी साडेपाचची होती. भरतीपासून ओहोटी सव्वासहा तासांवर, म्हणून नेमकं उलटं झालं. घड्याळ बदल आणि पान परत उघड.

शरदकाका:
पंचांग होतं ना घरात? तिथीची पाऊणपट करायची. पौर्णिमा पंधरावी, पाऊणपट सव्वाअकरा, तेव्हा भरती पूर्ण. आमचे आजोबा याच हिशोबावर रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायला, जायचे. उद्या वद्य द्वितीया, म्हणजे भरती दीडला आणि ओहोटी सकाळी सव्वासातला.

मीनल:
काका, पौर्णिमेला सव्वाअकरा आणि प्रतिपदेला पाऊण? एका दिवसात दीड तास कसा सरकेल? भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनीच पुढे जाते. अ‍ॅपवर उद्याची ओहोटी पावणेसातची आहे.

शरदकाका:
अर्ध्या तासाने काय बिघडतं? ओहोटीच्या आधी तासभर पोचायचंच असतं. हा हिशोब मुलांना तोंडी येऊ दे, किनाऱ्यावर रेंज नसते.

अजित:
रेंजवरून आठवलं. कोलोरॅडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्स (संगणकावर करून बघायचे विज्ञानाचे प्रयोग, २००२ पासून, फुकट) आधी उतरवून ठेवली की नेटशिवाय चालतात. कक्षांच्या सिम्युलेशनमध्ये गुरुत्वाकर्षण बंद केलं की चंद्र सरळ रेषेत निघून जातो. माझी लेक ते बटण वीस वेळा दाबत बसली होती. गणपतीतल्या विज्ञान कोपऱ्यात हेच ठेवू.

मीनल:
विज्ञान कोपरा वाचनालय समितीकडे आहे, अजित. आधी आमच्याशी बोल.

नीलिमा:
घड्याळ बदललं, पावणेसातच दिसतंय. सहाला टॉर्च घेऊन निघतो. कालवांच्या कडा पाय कापतात, म्हणून सगळ्यांना बूट सक्तीचे.

नीलिमा (दुसऱ्या दिवशी):
खडपं उघडी मिळाली! ओंजळभर पाण्याच्या एका खळग्यात समुद्रफूल (फुलासारखा दिसणारा प्राणी) होतं. धाकटीने बोट लावलं तशी त्याने सगळी बोटं आत ओढून घेतली. ते परत उमलेपर्यंत नऊही जण उकिडवे बसून होते. काका, उद्याची तृतीया, पाऊणपट मुलांनीच केली: सव्वादोन.