शब्दचर्चा : समीकरणाची ‘मुळे’ आणि त्याचे ‘सहगुणक’

दहावीची आई
मुलगी यंदा दहावीला आहे, मराठी माध्यम. वर्गसमीकरणांच्या धड्यात ‘मुळे आणि सहगुणक यांतील संबंध’ असा भाग येतो. अक्ष² + बक्ष + क = ० असेल तर मुळांची बेरीज उणे ब भागिले अ, गुणाकार क भागिले अ, हे तिला झोपेतून उठवलं तरी येतं. पण तिचा प्रश्न असा की याला मूळ का म्हणायचं? वर्गमुळातलं मूळ ते हेच का? ९ चं वर्गमूळ ३, हे कळतं. पण क्ष² − ५क्ष + ६ = ० याची मुळे २ आणि ३; मग ती नेमकी कशाची वर्गमुळे? आणि ‘उकल’ हा सरळ शब्द असताना दुसरा हवाच कशाला?

खडू-फळा
मूळ तेच आहे, ताई. ‘वर्गमूल’ हा शब्द आर्यभटाकडे, म्हणजे इ.स. ४९९ मध्येच सापडतो. नवव्या शतकात बगदादला अल् ख्वारिज्मी या गणितज्ञाने समीकरणांवर लिहिलं तेव्हा त्याने अज्ञात संख्येला ‘जिध्र’, म्हणजे मूळच म्हटलं. लॅटिनमध्ये त्याचं ‘रॅडिक्स’ झालं. विचार साधा होता : क्ष² हा वर्ग, तर क्ष हे त्या वर्गाचं मूळ. तुमच्या उदाहरणात २ हे ४ चं मूळ, आणि ४ − १० + ६ = ०. ३ हे ९ चं मूळ, आणि ९ − १५ + ६ = ०. म्हणजे २ आणि ३ ही समीकरणातल्या ६ ची किंवा ५ ची वर्गमुळे नाहीत. पहिल्या पदात जो वर्ग बसलाय, त्याची ती मुळे. पुढे घनसमीकरणालाही तोच शब्द लागला आणि वर्गाशी असलेलं नातं लोक विसरले.

उकल आणि मूळ यांची दहावीपुरती अदलाबदल चालते. पण क्ष + य = ५ या समीकरणाची (३, २) ही उकल म्हणतात, मूळ म्हणत नाहीत. एकच चल असेल तर मूळ.

कोपऱ्यातला
रॅडिक्सवरूनच इंग्रजीतला रॅडिश. आपला मुळाही संस्कृत मूलकाचाच. दोन्हीकडे भाजी आणि बीजगणित एकाच गड्डीत निघालं. असो, पुढे चालू द्या.

शब्दवेल्हाळ
सहगुणकाबद्दलही बोला. हिंदीवाले गुणांक म्हणतात. आपल्याकडे ‘सह’ कोणासह?

खडू-फळा
चलासह. −५क्ष मध्ये क्षला सोबत राहून गुणणारा −५. फ्रान्सचा गणितज्ञ व्हिएत (१५४०–१६०३) याने वापरलेल्या लॅटिन शब्दातही ‘सह’ आहेच. मराठीत गुणांक म्हटलं की बुद्धिगुणांक आठवतो, त्यामुळे सहगुणक बरा. एकच लक्षात असू द्या : चिन्ह सहगुणकाच्या आतलं आहे. सहगुणक ५ नव्हे, −५. निम्मी पोरं इथेच मार्क घालवतात.

संक्रमण
शब्द झाले, आता त्या ‘संबंधा’वर लिहितो, कारण पाठ केलेल्या सूत्रात तो दिसत नाही. उदाहरण भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथातलंच घेऊ. वानरांच्या कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग रानात मजेत उड्या मारतोय, उरलेले १२ डोंगरावर दिसतायत, एकूण किती? क्ष/८ चा वर्ग अधिक १२ बरोबर क्ष. आवरून लिहिलं की क्ष² − ६४क्ष + ७६८ = ०. उत्तरं १६ आणि ४८, आणि आचार्य दोन्ही मान्य करतात. तपासा : १६ चा आठवा भाग २, वर्ग ४, अधिक १२ म्हणजे १६. ४८ चा ६, वर्ग ३६, अधिक १२ म्हणजे ४८.

आता १६ + ४८ = ६४ आणि १६ × ४८ = ७६८. हा योगायोग नाही. (क्ष − १६)(क्ष − ४८) कंस सोडवून पाहा. क्षला एकदा १६ ने आणि एकदा ४८ ने गुणलं जातं, म्हणून मधल्या पदात त्यांची बेरीज येते. शेवटचं पद क्षशिवाय तयार होतं, ते फक्त दोघांच्या गुणाकाराने. म्हणजे सहगुणक मुळांपासून बनतात. आपल्याला शाळेत सहगुणक आधी दिसतात आणि मुळे शोधावी लागतात, म्हणून ते उलटं वाटतं इतकंच.

मग बेरीज ६४ आणि गुणाकार ७६८ एवढंच हाती असताना मुळांपर्यंत परत कसं जायचं? बेरजेबरोबर वजाबाकीही मिळाली तर काम झालं. बेरजेच्या वर्गातून गुणाकाराची चौपट काढा : ४०९६ − ३०७२ = १०२४. हा वजाबाकीचा वर्ग, म्हणून वजाबाकी ३२. आता (६४ + ३२) ÷ २ = ४८ आणि (६४ − ३२) ÷ २ = १६. बेरीज आणि वजाबाकीवरून दोन संख्या काढण्याच्या या क्रियेला त्यांच्याच लीलावतीत ‘संक्रमण’ म्हटलंय. (माझं टोपणनाव तिथूनच.) मुळे काढायचं दहावीचं ते लांबलचक सूत्र म्हणजे दुसरं काही नाही, हे संक्रमणच आहे.

यातूनच ‘विवेचक’ही उलगडतो. ब² − ४अक म्हणजे मुळांच्या वजाबाकीचा वर्ग, गुणिले अ². दोन मुळांत अंतर किती, याचा तो निवाडा करतो. शून्य आला तर अंतर नाही, मुळे समान. ऋण आला तर वजाबाकीचा वर्ग ऋण, म्हणजे वास्तव मुळे नाहीत. भास्कराचार्यही ऋण संख्येला मूळ नाही असंच म्हणतात, कारण ती वर्गच नव्हे.

दहावीची आई
हे तिला वाचून दाखवलं. आता विचारतेय, बेरीज ६४ आणि समीकरणात −६४. मग हे उणे आलं कुठून?

संक्रमण
सगळं डावीकडे नेऊन उजवीकडे शून्य ठेवण्याच्या रीतीतून. व्हिएतच्या १६१५ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, छापल्या गेलेल्या लिखाणात हाच नियम वेगळ्या मांडणीत आहे : दोन संख्यांच्या बेरजेला क्षने गुणा, त्यातून क्ष² वजा करा, उरलेलं जर त्या दोन संख्यांच्या गुणाकाराइतकं असेल, तर क्ष त्या दोहोंपैकी कोणतीही संख्या असू शकतो. आपलं उदाहरण तसं लिहिलं तर ६४क्ष − क्ष² = ७६८. ६४ ला उणं कुठे? ६४ ही बेरीज, ७६८ हा गुणाकार, चक्क समोर. व्हिएतचं सगळं धन मुळांपुरतं होतं. ऋण आणि अशक्य म्हटली जाणारी (म्हणजे वास्तव नसलेली) मुळेही मोजून, कोणत्याही घाताच्या समीकरणासाठी हा संबंध मांडला तो आल्बेर जिरार या गणितज्ञाने, १६२९ मध्ये.

शब्दवेल्हाळ
शाब्दिक उदाहरणात जे मूळ ‘अग्राह्य’ म्हणून खोडतात, ते मग मूळ राहतं की नाही? माझ्या मते तिथे शब्द ढिला वापरला जातो.

खडू-फळा
समीकरणाचं मूळ राहतं, उदाहरणाचं उत्तर राहत नाही. भास्कराचार्यांचंच दुसरं वानरांचं गणित घ्या. कळपाच्या पाचव्या भागातून ३ कमी केले, त्याचा वर्ग गुहेत गेला, एक फांदीवर दिसतो. समीकरण क्ष² − ५५क्ष + २५० = ०, मुळे ५० आणि ५. ५ घेतलं तर पाचवा भाग १, त्यातून ३ वजा केले की −२. वर्ग केल्यावर आकडेमोड जुळते, पण उणे दोन वानर कुणी पाहिलेत? आचार्यांनीही ५ सोडून दिलं, लोकांना ऋण संख्येची प्रचीती नसते हे कारण देऊन. शाब्दिक उदाहरणात मुलीने ५० हेच उत्तर लिहावं. पण ताळा करताना बेरीज ५५ यायला हवी असेल, तर खोडलेलं ५ धरूनच करावा लागेल.